घडीची सायकल : कोकणच्या चढावर कितपत उपयोगी?

कोकण रेल्वेने रत्नागिरीस उतरणाऱ्या प्रवाशाचा प्रवास स्थानकावर संपत नाही. तेथे तो केवळ वाहन बदलतो. कुवारबावजवळचे रेल्वे स्थानक आणि शहराचा मध्यभाग यांत पाच-सहा किलोमीटरचे अंतर आहे. मुंबईपासूनचे सुमारे साडेतीनशे किलोमीटर माफक तिकिटात पार पडतात आणि या उरलेल्या पाच-सहा किलोमीटरसाठी मात्र रिक्षाची वाट पाहावी लागते, बसची वेळ जुळवावी लागते किंवा घरच्या कोणाला तरी दुचाकी घेऊन बोलवावे लागते. शनिवारी येऊन सोमवारी परतणारा चाकरमानी, चिपळूणला नोकरीसाठी रोज जा-ये करणारा शिक्षक किंवा बँक कर्मचारी, सुट्टीत घरी येणारा महाविद्यालयीन विद्यार्थी या सर्वांपुढे हा प्रश्न आहे.

या प्रश्नावर एक आकर्षक उत्तर गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही चर्चेत आले आहे. ते म्हणजे घडी करून पिशवीत घालता येणारी सायकल. गाडीत बाकाखाली ठेवावी, स्थानकावर उतरल्यावर अर्ध्या मिनिटात उघडावी आणि थेट घर गाठावे, अशी ही कल्पना. लंडन किंवा सिंगापूरमध्ये ती नित्याची झाली आहे. जांभ्याच्या सड्यावर वसलेल्या, वर्षाचे चार महिने पावसात न्हाऊन निघणाऱ्या रत्नागिरीत ती कितपत टिकेल, हे पैसे खर्च करण्यापूर्वी तपासून पाहणे शहाणपणाचे ठरेल.

स्थानके दूर का?

हे अंतर अपघाताने पडलेले नाही. रोहा ते ठोकूर हा कोकण रेल्वेचा मार्ग १९९० मध्ये काम सुरू होऊन जानेवारी १९९८ मध्ये पूर्णपणे खुला झाला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या या मार्गावर गाड्या वेगाने धावाव्यात म्हणून चढ १५० मीटरला १ मीटर यापेक्षा तीव्र ठेवायचा नाही आणि वळणे मोठ्या त्रिज्येची ठेवायची, असे बंधन होते. साहजिकच मार्ग गावांच्या सोयीने वळला नाही. तो डोंगर पोखरून आणि दऱ्या ओलांडून शक्य तितका सरळ गेला. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटर लांबीचा बोगदा आणि पानवलचा उत्तुंग पूल ही त्याचीच उदाहरणे. जुनी गावे मात्र खाडीच्या आणि बंदराच्या आधाराने वसलेली. त्यामुळे कणकवलीसारखे स्थानक गावालगत आले, तर राजापूर रोडचे स्थानक राजापूर शहरापासून पंधरा किलोमीटरहूनही दूर राहिले. सावंतवाडी रोड हे नावच स्थानक शहरात नाही याची कबुली देते.

थोडक्यात, रेल्वेने आपल्यापुरता चढाचा प्रश्न बोगद्यांनी सोडवला. स्थानक ते घर या टप्प्यातील चढ-उतार प्रवाशाच्या वाट्याला राहिले. घडीच्या सायकलचा विचार करताना हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते.

घडीचा इतिहास

घडीच्या सायकलची कल्पना नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सैन्यांनी पायदळासाठी अशा सायकली वापरून पाहिल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने मधोमध दुमडणारी सायकल बनवली होती. नागरी वापराच्या दृष्टीने खरा बदल झाला तो मात्र १९६० नंतर. अ‍ॅलेक्स मोल्टन या ब्रिटिश अभियंत्याने १९६२ मध्ये लहान चाकांची, धक्के शोषणारी सायकल बाजारात आणली आणि लहान चाक म्हणजे लहान मुलांचे खेळणे हा समज खोटा ठरवला. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्येच बिकर्टन ही अ‍ॅल्युमिनियमची हलकी घडीची सायकल निघाली. ती पाहून अँड्र्यू रिची या तरुण अभियंत्याला वाटले, की याहून चांगली घडी घालता येईल. १९७५ च्या सुमारास त्याने लंडनमधील आपल्या राहत्या जागेत पहिले नमुने तयार केले. खिडकीतून दिसणाऱ्या ब्रॉम्प्टन ओरेटरी या चर्चवरून त्याने सायकलचे नाव ‘ब्रॉम्प्टन’ ठेवले. भांडवलासाठी बरीच वर्षे वणवण केल्यावर १९८८ मध्ये तिचे नियमित उत्पादन सुरू झाले. सोळा इंची चाकांची ही सायकल दुमडल्यावर साधारण ५८ × ५६ × २७ सें.मी. एवढ्या जागेत मावते आणि तिचे वजन ११-१२ किलोच्या आसपास असते. दुसरीकडे डेव्हिड हॉन यांच्या ‘डाहॉन’ कंपनीने १९८० च्या दशकापासून घडीच्या सायकली मोठ्या संख्येने बनवल्या. त्यांपैकी वीस इंची चाकांच्या सायकली सर्वाधिक रुळल्या. भारतात आज वाजवी किमतीत मिळणाऱ्या बहुतेक घडीच्या सायकली या वीस इंची कुळातील आहेत.

याहूनही लहान घडीचा ध्यास घेणारे होतेच. घरगुती संगणकासाठी प्रसिद्ध असलेले सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी २००६ मध्ये ‘ए-बाइक’ विक्रीस आणली. तिची चाके अवघी सहा इंची, वजन पावणेसहा किलोच्या आसपास आणि घडी ६७ × ३० × १६ सें.मी.; म्हणजे एखाद्या मध्यम पिशवीएवढी. तैवानच्या पॅसिफिक सायकल्स या कंपनीची ‘कॅरीमी’ आठ इंची चाकांची असून दुमडल्यावर उभ्या दांड्यासारखी अरुंद होते. ‘अतिलहान’ म्हणतात त्या सायकली याच. जाहिरातीत आणि चित्रफितींत पाहणाऱ्याला मोहात पाडतात त्याही याच.

चाक लहान झाले की काय होते?

लहान चाकाची सायकल हळू चालते, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. सायकलचा वेग चाकाच्या आकारावर नव्हे, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती किती पुढे सरकते यावर ठरतो. आपल्या नेहमीच्या मोठ्या चाकाच्या सायकलला पुढे ४४ दात्यांची आणि मागे १८ दात्यांची चकती असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण पाच ते साडेपाच मीटर जाते. सोळा इंची चाकाचा घेर सुमारे १.३३ मीटर असतो. पुढे ५० आणि मागे १३ दाते ठेवले, तर तीही एका फेऱ्यात ५.१ मीटर जाते. म्हणजे पुढची चकती मोठी केली, की चाकाच्या लहानपणाची भरपाई होते. सहा इंची चाकाचा घेर मात्र अर्ध्या मीटरहूनही कमी. त्याला तेवढेच अंतर कापण्यासाठी पायडलच्या एका फेऱ्यात दहाहून अधिक वेळा फिरावे लागेल. म्हणून ए-बाइकमध्ये एकाऐवजी दोन टप्प्यांची साखळी वापरावी लागली.

वेगाचा प्रश्न अशा रीतीने सुटतो. रस्त्याचा प्रश्न मात्र दात्यांनी सुटत नाही. तो भूमितीचा आहे आणि ही भूमिती शाळेतल्या पायथागोरसच्या प्रमेयाएवढीच सोपी आहे.

पंधरा सेंटिमीटर रुंदीचा एक खड्डा घ्या. डांबराचा एक तुकडा उखडला, तरी एवढा खड्डा पडतो. आपल्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलचे चाक त्यावरून जाताना जेमतेम ८ मिलिमीटर आत उतरते. वीस इंची चाक साडेअकरा मिलिमीटर, तर सोळा इंची चाक १४ मिलिमीटर उतरते. इथपर्यंत फारसे बिघडत नाही. परंतु आठ इंची चाक त्याच खड्ड्यात ३४ मिलिमीटर जाते आणि सहा इंची चाक ६४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ आसापर्यंत बुडते. एक चाक खड्डा ओलांडते, दुसरे त्यात अडकते.

उंचवट्याचेही तसेच. तीन सेंटिमीटर उंचीची कड, उदाहरणार्थ साइडपट्टीवरून डांबरावर चढताना लागते ती, सावकाश चढायची तर अठ्ठावीस इंची चाकाला त्यावरील भाराच्या सुमारे ४४ टक्के एवढे आडवे बळ लागते. वीस इंचीला ५४ टक्के आणि सोळा इंचीला ६० टक्के. आठ इंची चाकाला मात्र संपूर्ण भाराएवढे आणि सहा इंचीला भाराच्या सव्वापटीहून अधिक बळ लागते. व्यवहारात याचा अर्थ असा, की चाक कडेवर चढत नाही. ते तिथल्या तिथे थांबते आणि स्वार पुढे जातो. लहान सायकलची दोन चाकांतील लांबीही कमी आणि बैठक मात्र पुरेशी उंच असल्याने हँडलवरून पुढे फेकले जाण्याचा धोका अधिक.

सिंगापूरच्या गुळगुळीत पदपथावर हे आकडे निरर्थक ठरतील. मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणाच्या काळातील चिखल, खडी आणि उंचसखल पट्टे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते अधिक सांगायला नकोत. स्थानकावरून शहरात येण्याचा मुख्य रस्ता तोच. तेव्हा पहिला निष्कर्ष असा, की आठ इंची किंवा त्याहून लहान चाकांची सायकल रत्नागिरीच्या रस्त्यासाठी नाही. ती फलाटावरून रिक्षातळापर्यंत चालवता येईल. पण तेवढ्यासाठी कोणी सायकल घेत नाही.

चढाचा हिशेब

दुसरा प्रश्न चढाचा. रत्नागिरीची वस्ती दोन पातळ्यांवर आहे. मांडवी, मिरकरवाडा, राजिवडा या भागांना समुद्र आणि खाडी लागून आहे. मारुती मंदिर, नाचणे, कुवारबाव, मिरजोळे हा भाग वर, सड्यावर. विमानतळ ज्या सड्यावर आहे त्याची उंची समुद्रसपाटीपासून नव्वद मीटरच्या घरात आहे. म्हणजे गाडीतून उतरून किनाऱ्याकडे जाणाऱ्याला साधारणतः उतार मिळतो आणि गाडी पकडायला निघालेल्याला चढ. घाईच्या वेळी चढ, हीच नेमकी अडचण.

स्वाराचे वजन ६५ किलो, सायकल १२ किलो आणि सामान ५ किलो धरले, तर एकूण ८२ किलो भार नव्वद मीटर वर न्यावा लागतो. यासाठी सुमारे ७२ हजार जूल ऊर्जा लागते. सराव नसलेला सर्वसाधारण प्रौढ माणूस सायकलवर सलग ८० वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. या हिशेबाने केवळ ती उंची गाठण्यासच पंधरा मिनिटे हवीत. सपाट रस्त्याचा वेळ वेगळा. त्यातही एखादा टप्पा वीस मीटरला एक मीटर असा चढाचा असेल, तर तेथे वेग ताशी सहा किलोमीटरवर येतो.

येथे गिअरचे महत्त्व कळते. एका फेऱ्यात पाच मीटर जाणारी बिनगिअरची सायकल ताशी सहा किलोमीटर वेगाने चालवायची, तर पायडल मिनिटाला वीसच वेळा फिरेल. गुडघ्यांना मानवेल अशी गती मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांची असते. सहा-सात गिअरच्या वीस इंची सायकलचा सर्वांत हलका गिअर एका फेऱ्यात तीन मीटरच्या आसपास नेतो. तोही या चढाला थोडा जडच, पण उभे राहून पायडल मारण्याची वेळ कमी येते. उरलेल्या ठिकाणी उतरून सायकल ढकलावी. त्यात कमीपणा नाही. घडीच्या सायकलला तर सामानाची ढकलगाडी म्हणूनही वापरता येते.

आता विजेवर चालणाऱ्या घडीच्या सायकलीही मिळतात. मोटार २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तर आपल्याकडे तिला नोंदणी वा वाहन परवाना लागत नाही. चढाचा प्रश्न तिने सुटतो. परंतु बॅटरी व मोटार धरून वजन बहुधा वीस किलोच्या आसपास जाते आणि मग ती जिन्यावरून, पादचारी पुलावरून आणि डब्याच्या दारातून उचलून नेणे हाच व्यायाम होतो. २०२३ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केल्यामुळे गाजलेली ‘हॉर्नबॅक एक्स-वन’ ही भारतीय बनावटीची विजेची सायकल पूर्ण आकाराची चाके कायम ठेवून दुमडते. खड्ड्यांच्या दृष्टीने ही कल्पना उत्तम आहे. पण चाके मोठी राहिली की घडीही मोठीच राहते. मोटारीच्या डिकीत ती शोभेल, गर्दीच्या डब्यात नव्हे.

रेल्वेचा नियम काय सांगतो?

येथवरच्या विवेचनावरून सोळा ते वीस इंची चाकांची, गिअर असलेली सायकल योग्य, असे दिसते. आता ती गाडीत नेता येईल का, ते पाहू.

भारतीय रेल्वेत प्रवाशाला सोबत विनाशुल्क नेता येणाऱ्या सामानाची मर्यादा द्वितीय श्रेणीत ३५ किलो, तर शयनयान, वातानुकूलित तृतीय श्रेणी आणि चेअर कारमध्ये ४० किलो आहे. वजनाचा प्रश्न त्यामुळे येत नाही. अडचण आहे ती आकाराची. डब्यात नेता येणाऱ्या ट्रंका, सुटकेसी व खोकी यांचा कमाल आकार १०० × ६० × २५ सें.मी. असा ठरवून दिलेला आहे. वातानुकूलित तृतीय श्रेणी आणि चेअर कारसाठी तर ही मर्यादा ५५ × ४५ × २२.५ सें.मी. एवढीच आहे. याहून मोठे सामान ब्रेक व्हॅनमधून न्यावे, अशी अपेक्षा असते.

या मापात आपल्या सायकली बसवून पाहिल्या, की मोठी विसंगती दिसते. आठ इंची कॅरीमीची घडी साधारण ९१ × ३२ × २५ सें.मी.; ती साध्या डब्याच्या मापात अगदी काठावर बसते. सहा इंची ए-बाइक सहज बसते. सोळा इंची ब्रॉम्प्टन लांबी-रुंदीत बसते, पण जाडीत दोन सेंटिमीटरने चुकते आणि चेअर कारच्या मापात तर कोणत्याच बाजूने बसत नाही. वीस इंची सायकलची घडी साधारण ८० × ६५ × ३५ ते ४० सें.मी. होते, म्हणजे ती दोन्ही मापांबाहेर. थोडक्यात, जी सायकल नियमात बसते ती रस्त्यावर चालत नाही आणि जी रस्त्यावर चालते ती नियमात बसत नाही.

हा नियम ट्रंका आणि सुटकेसी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे. त्यात घडीच्या सायकलचा स्वतंत्र उल्लेख नाही. त्यामुळे प्रत्यक्षात निर्णय तिकीट तपासनिसाच्या आणि सहप्रवाशांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहतो. सायकल कापडी पिशवीत पूर्ण झाकलेली, चेन आतल्या बाजूला आणि येण्याजाण्याची वाट मोकळी, एवढे सांभाळले तर तिच्याकडे सामान म्हणूनच पाहिले जाण्याची शक्यता अधिक. मांडवी किंवा कोकणकन्या एक्स्प्रेसच्या शयनयान डब्यात खालच्या बाकाखाली तिची सोय होऊ शकते. जनशताब्दी किंवा वंदे भारतच्या खुर्च्यांच्या डब्यात मात्र डोक्यावरच्या फळीवर बारा किलोचा बोजा चढवावा लागेल. गणपतीच्या आणि होळीच्या दिवसांतील गाड्यांत हा प्रयोग करूच नये.

इतरत्र हा गुंता नियम करूनच सोडवलेला आहे. सिंगापूरच्या मेट्रोत १२० × ७० × ४० सें.मी. मापापर्यंतची दुमडलेली सायकल नेता येते. या मापात वीस इंची सायकलही बसते. बंगळुरूच्या मेट्रोने २०२२ मध्ये घडीच्या सायकलींना शेवटच्या डब्यातून विनाशुल्क परवानगी दिली; पण १५ किलो वजनाची आणि ६० × ४५ × २५ सें.मी. आकाराची अट घातली. म्हणजे परवानगी मिळाली, तरी बहुतेक उपयुक्त सायकली बाहेरच राहिल्या. कोकण रेल्वे लांब पल्ल्याची असली, तरी तिची स्थानके गावांपासून दूर असल्याने अशा स्पष्ट आणि व्यवहार्य मापाची गरज तिच्या प्रवाशांना अधिक आहे.

पाऊस, खारी हवा आणि सुटे भाग

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात सायकलने गाडी गाठण्याचा बेत न आखलेला बरा. भिजलेली, तांबड्या चिखलाने माखलेली सायकल डब्यात नेणे सहप्रवाशांवर अन्याय आहे. शिवाय ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतात आणि उताराच्या रस्त्यावर तो उशीर महागात पडतो.

उरलेल्या आठ महिन्यांतही खारी हवा आपले काम करतच असते. साध्या सायकलला गंज चढला तर ती कुरकुरते. घडीच्या सायकलला गंज चढला तर घडीच बसत नाही. तिचा जीव बिजागरीत आणि खटक्यात असतो. चौकट अ‍ॅल्युमिनियमची असली, तरी खिळे आणि स्क्रू पोलादाचे असतात. त्यांना दर पंधरवड्याला कोरड्या फडक्याने पुसून थोडे तेल द्यावे आणि खटका सैल झाला आहे का ते पाहावे. चालत्या सायकलची बिजागरी उघडणे हा या प्रकारातील सर्वांत गंभीर अपघात होय. म्हणून मुख्य खटक्यावर दुसरी अडकण असलेलीच सायकल निवडावी आणि निर्मात्याने दिलेली वजनाची मर्यादा काटेकोर पाळावी.

टायरच्या बाबतीतही एक खुबी लक्षात ठेवण्याजोगी आहे. वीस इंची घडीच्या सायकलची रिम बहुधा ४०६ मिलिमीटर मापाची असते. मुलांच्या अनेक सायकलींना हेच माप असल्याने टायर-ट्यूब कोणत्याही शहरात मिळू शकते. सोळा इंचीचे मात्र तसे नाही. ब्रॉम्प्टनची रिम ३४९ मिलिमीटरची, तर मुलांच्या सोळा इंची सायकलची ३०५ मिलिमीटरची. दोन्हींना ‘सोळा इंची’च म्हणतात, पण एकीचे टायर दुसरीला बसत नाही. सहा आणि आठ इंचींच्या बाबतीत तर टायर फाटले की सायकल कोपऱ्यात उभी, असेच समजावे.

कोणाला परवडेल?

साध्या वीस इंची घडीच्या सायकली आपल्याकडे साधारण पंधरा ते तीस हजार रुपयांत मिळतात. ब्रॉम्प्टनसारखी आयात केलेली सायकल लाखाच्या पुढे जाते. वीस हजारांची सायकल घेतली आणि प्रत्येक खेपेस रिक्षाचे शंभर रुपये वाचले असे धरले, तर किंमत भरून निघायला दोनशे खेपा हव्यात. आठवड्याला एकदा येऊन परत जाणाऱ्याच्या दोन खेपा होतात. पावसाळा वगळला, तर त्याला जवळजवळ तीन वर्षे लागतील. रोज जा-ये करणारा मात्र हीच किंमत चार-पाच महिन्यांत वसूल करतो. दोन्ही टोकांना ती वापरली, तर त्याहूनही लवकर.

‘दोन्ही टोकांना’ हेच खरे गमक आहे. ज्याला फक्त घर ते स्थानक एवढेच जायचे आहे, त्याने साधी मोठ्या चाकांची सायकल घेऊन ती स्थानकाबाहेर कुलूप लावून ठेवावी. ती स्वस्त, मजबूत आणि रस्त्याला अधिक योग्य. घडीच्या सायकलची उपयुक्तता सुरू होते ती प्रवासाच्या दुसऱ्या टोकालाही तीन-चार किलोमीटर जायचे असेल तेव्हा. रत्नागिरीहून चिपळूणला जाणाऱ्याचे असेच होते. तेथेही स्थानक ते बाजारपेठ हे अंतर पायी जाण्यास जास्त आणि रिक्षाला महाग वाटणारे आहे. मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्याला खोलीपासून स्थानकापर्यंत आणि इकडे स्थानकापासून घरापर्यंत अशी ती दुहेरी उपयोगी पडेल. मात्र गर्दीच्या वेळी लोकलमध्ये ती नेण्याचा विचारही करू नये.

सहलीसाठीही तिचा उपयोग आहे, पण जाहिरात सांगते तेथे नव्हे. आरे-वारेच्या किनारी रस्त्याने गणपतीपुळे सुमारे पंचवीस किलोमीटर. वाट देखणी, पण चढ-उताराची. जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे येथील फेरीबोटीत साधी सायकलही सहज चढते, त्यासाठी घडीची गरज नाही. गरज पडते ती परतताना. पाय दमले किंवा आभाळ भरून आले, की सायकल दुमडून एसटीच्या डिकीत टाकता येते. वाहकाने सामानाचे तिकीट मागितले, तर ते आनंदाने काढावे. परतीची ही हमी असल्यामुळेच नवखा माणूस दूरचा पल्ला गाठण्याचे धाडस करतो.

घेण्यापूर्वी

ज्यांना घडीची सायकल घ्यायची आहे त्यांनी दुकानातल्या फरशीवर ती चालवून भुलू नये. आधी ती दुमडून, हातात धरून एक मजला जिना चढून पाहावा. जमले नाही, तर पादचारी पुलावरही जमणार नाही. मग पाठीवर नेहमीचे सामान घेऊन एखादा खरा चढ चढून पाहावा. घडीचे माप स्वतःच्या टेपने घ्यावे, कारण माहितीपत्रकातील माप पायडल आणि हँडल धरून असतेच असे नाही. दिवा आणि मागचा लाल परावर्तक त्याच दिवशी बसवून घ्यावा, कारण कोकणातल्या बऱ्याच गाड्या अंधारातच येतात आणि अवजड वाहनांच्या रस्त्यावर बुटकी सायकल चटकन दिसत नाही. हेल्मेट तर हवेच.

एकूण हिशेब असा, की रत्नागिरीसाठी घडीची सायकल उपयोगी आहे. मात्र ती वीस इंची, फार तर सोळा इंची, गिअर असलेली, आणि पावसाळा सोडून आठ महिन्यांची सोबतीण म्हणून. सर्वांत लहान घडीच्या मागे लागणारा माणूस प्रवासातील बाकाखालच्या तासांची सोय पाहतो आणि रस्त्यावरच्या वीस मिनिटांची विसरतो. पडणे, दमणे आणि गाडी चुकणे मात्र त्या वीस मिनिटांतच घडते.

उरलेले काम प्रवाशाच्या हातचे नाही. स्थानकाबाहेर छपराखाली सायकलींना कुलपासह जागा देणे, स्थानकाकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडा सपाट राखणे आणि दुमडलेल्या सायकलचे माप सामानाच्या नियमात स्पष्ट लिहिणे, या तिन्ही गोष्टींना बोगदा खणण्याएवढा खर्च येत नाही. दापोली आणि रत्नागिरी येथे सायकलप्रेमींचे क्लब आहेत. त्यांनी रेल्वेकडे आणि नगरपरिषदेकडे निदान या तीन मागण्या लेखी द्याव्यात. सह्याद्री पोखरून ज्या मार्गाने कोकणाला मुंबईशी जोडले, त्याला आपल्या स्थानकापासून गावापर्यंतचे पाच-सहा किलोमीटर जड जाऊ नयेत.